उशाशी दोन थेंब

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात एक विचित्र रिकामपण असतं. रक्ताचे रिपोर्ट आलेले असतात, ईसीजी झालेला असतो, संमतीपत्रावर सह्या झालेल्या असतात. भूलतज्ज्ञ येऊन तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, दात हलतात का ते बघून गेलेले असतात. पलंगाला ‘एनबीएम’ची, म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही अशी, पाटी लागलेली असते. सोबतीला एकालाच थांबता येतं, आणि तो चटई अंथरायच्या तयारीत असतो. आता सकाळपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच मन कामाला लागतं. भूल उतरलीच नाही तर? मधेच जाग आली तर? घरचं कोण बघेल?

या वेळेसाठी औषधं आहेत. रात्री अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी, किंवा थिएटरच्या दाराशी शिरेतून एक-दोन मिलिग्रॅम मिडाझोलाम. दोन्ही चोख काम करतात. मात्र पंचाहत्तरीच्या आजोबांना, किंवा झोपेत घोरता घोरता ज्यांचा श्वास अडकतो अशांना ती देताना भूलतज्ज्ञ दहा वेळा विचार करतात. श्वास मंदावण्याची भीती असते, आणि म्हाताऱ्या माणसांत ऑपरेशननंतर होणाऱ्या भ्रमाचीही. अशा वेळी पोटात काही न जाता, सुई न टोचता, सकाळी सुस्ती न आणता थोडा दिलासा देणारं काही मिळालं तर हवंच असतं. सुगंधोपचाराची जागा इथे आहे. ही जागा छोटी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. वासाने भूल लागत नाही आणि दुखणंही थांबत नाही. फार घाबरलेल्या माणसाला गोळी लागणार असेल तर ती द्यावीच.

दिसणारं, ऐकू येणारं, स्पर्शाचं सगळं आधी मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाचं तसं नाही. नाकाच्या छतापासून निघालेला संदेश गंधकंदात येतो आणि तिथून थेट अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस या भागांकडे निघतो. म्हणजे भीती आणि आठवण जिथे राहते तिथे. म्हणून वासाचं नाव आठवण्याआधी पोटात गोळा येतो किंवा जीव निवतो. २०१८ मध्ये जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना लिनालूलचा, म्हणजे लॅव्हेंडरमधल्या एका मुख्य घटकाचा, वास दिला. उंदरांची भीती कमी झाली आणि चालणं-फिरणं बिघडलं नाही. ज्यांची वासाची क्षमता नष्ट केलेली होती त्या उंदरांवर काहीच परिणाम दिसला नाही. फ्लुमाझेनिल दिल्यावरही परिणाम नाहीसा झाला. फ्लुमाझेनिल हे मिडाझोलामचा उतारा म्हणून थिएटरच्या ट्रॉलीत ठेवलेलं असतं, म्हणजे वासाची आणि त्या औषधाची मेंदूतली वाट एकच असावी. त्यामुळे भूलतज्ज्ञांचे कान इथे टवकारतात.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आहेच. पण या प्रयोगातून एक कामाची गोष्ट निघते: ज्याला वास येतच नाही त्याच्यासाठी हा खटाटोप करू नये. कोविडनंतर वास गेलेली माणसं आहेत, जुना सायनस असलेली आहेत, सत्तरी-ऐंशीत नाक बोथट झालेली तर पुष्कळ. नाकात रायल्स ट्यूब (पोटापर्यंत जाणारी नळी) असेल किंवा नाकाच्याच ऑपरेशनची पट्टी भरलेली असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून पहिली पायरी म्हणजे डोळे मिटायला लावून कॉफीची पूड किंवा साबणाची वडी नाकाशी धरायची आणि ‘कशाचा वास?’ असं विचारायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच.

माणसांवरच्या अभ्यासांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनसाठी आलेल्या १५० जणांचे तीन गट केले होते: एकाला नेहमीची शुश्रूषा, दुसऱ्याला जोजोबा तेल, तिसऱ्याला लॅव्हँडिनचं, म्हणजे लॅव्हेंडरच्या एका संकराचं, तेल. थिएटरकडे नेताना तिसऱ्या गटाची चिंता कमी भरली. त्याआधी व्हिएन्नात दातांच्या दवाखान्याच्या प्रतीक्षालयात संत्र्याच्या वासाने हेच दिसलं होतं. पुढे इराण आणि तुर्कस्तानातून लॅव्हेंडर आणि गुलाबावर अभ्यासांची रांगच लागली. निष्कर्ष बहुतेक एकाच बाजूला झुकतात, पण अभ्यास लहान आहेत आणि त्यांत एक मूळचीच अडचण आहे. आपल्याला सुगंध मिळाला की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही. गोळीची नक्कल खडूची करता येते, वासाची कशाने करणार? त्यामुळे परिणामातला किती वाटा रेणूचा आणि किती ‘कुणीतरी माझ्यासाठी काही केलं’ या भावनेचा, हे सुटं करणं कठीण. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दुसरा वाटाही फुकट जात नाही.

मोजण्यातही घोळ होतो. झोपेसाठी सर्रास पिट्सबर्गची प्रश्नावली वापरली जाते. ती मागच्या महिन्याभराच्या झोपेबद्दल विचारते. काल रात्रीच्या फायाने, म्हणजे तेलाच्या सुगंधी बोळ्याने, महिन्याची झोप कशी सुधारणार? एका रात्रीसाठी रिचर्ड्स-कॅम्पबेलची पाच रेघांची पद्धत बरी: झोप किती गाढ, लागायला किती वेळ, किती वेळा जाग, पुन्हा लागली का, एकूण कशी. प्रत्येक रेघ ० ते १००, सकाळी खूण करायची. चिंतेसाठी वीस प्रश्नांच्या लांबलचक फॉर्मपेक्षा अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रश्नावलीतले सहा प्रश्न वॉर्डात जास्त उपयोगी. त्यांतले चार चिंतेचे आणि दोन माहितीच्या भुकेचे असतात. हे शेवटचे दोन फार बोलके. ज्याला ‘नेमकं काय करणार ते कळायला हवं’ असं वाटतं, त्याच्या नाकाशी फाया धरण्याआधी डॉक्टरांना पाच मिनिटं त्याच्या पलंगापाशी बसवावं. न मिळालेल्या उत्तराची जागा लॅव्हेंडर भरून काढत नाही.

आता वास कोणता. पुस्तकं डोळे मिटून लॅव्हेंडर सांगतात, आणि आपण तसंच उचलतो. फ्रान्समधल्या आजीच्या कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या असतील. मिरज किंवा अकोल्याच्या आजीला तो वास पावडरीच्या डब्याचा नाहीतर मॉलच्या स्वच्छतागृहाचा वाटतो. मग मोगरा द्यावा का? मोगऱ्याशी गजरा आहे, लग्न आहे, उन्हाळ्याची संध्याकाळ आहे. पण त्याचा तीव्र अर्क बंद खोलीत डोकं चढवतो. निशिगंध लग्नाच्या मांडवात असतो तसा हार घातलेल्या फोटोवरही असतो. निशिगंध आणि उदबत्ती एकत्र आली की कित्येकांच्या डोळ्यांपुढे तेराव्याची बैठक येते, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती नको. वाळा बहुतेकांना माठातल्या पाण्याची आठवण देतो. तेल घट्ट, संथ, मातकट, रात्रीसाठी चांगलं. पण काहींना तो कुबट वाटतो. कापूर सगळ्यांच्या ओळखीचा असला तरी त्याला इथे प्रवेश नाही. कापराने फिट येऊ शकते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो सरळ धोकादायक आहे. निलगिरी तर रुमालावर घरोघरी टाकली जाते, पण ती नाक मोकळं करते आणि माणसाला जागं करते. झोपेसाठी ती कशाला?

म्हणून रुग्णालाच विचारायचं. टिपकागदाच्या तीन पट्ट्यांवर एकेक थेंब घ्यायचा: खरं लॅव्हेंडर, गोड संत्रं, आणि वाळा किंवा गुलाब. हलका वास आधी, भारी शेवटी, मधे मिनिटभर थांबायचं. संवाद साधारण असा होतो:

‘काकू, यातला कुठला बरा वाटतो बघा.’

‘हा औषधासारखा आहे गं बाई. तो दुसरा दे, संत्र्याचा.’

‘चालेल. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगायचं हं, काढून टाकू.’

‘आणि नकोच म्हटलं तर?’

‘तर नको.’

हा ‘नको’ म्हणण्याचा हक्क हा उपचाराचाच भाग आहे. इस्पितळात शिरल्यापासून माणसाने स्वतः निवडलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असते.

बाटली विकत घेताना लेबलवर वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव हवं. लॅव्हेंडरसाठी ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’. ‘लॅटिफोलिया’ म्हणजे स्पाइक लॅव्हेंडर. त्यात कापूर आणि सिनिओल भरपूर असतात, म्हणजे शांत करण्याच्या ऐवजी तरतरी आणणारं. लॅव्हँडिन हा दोघांचा संकर, स्वस्त, त्यातही कापूर असतोच. ‘लॅव्हेंडर’ म्हणून पुष्कळदा तोच गळ्यात मारला जातो. चांगल्या विक्रेत्याकडे बॅचनुसार जीसी-एमएस तपासणीचा, म्हणजे तेलात कुठला घटक किती ते सांगणारा, कागद मिळतो. त्यात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे दोन आकडे मोठे आणि कापराचा अगदी किरकोळ हवा. फार लांबून मागवायची गरज नाही. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या उतारांवर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून लॅव्हेंडरची शेती उभी राहिली आहे आणि तिथलं तेल बाजारात येतं. अत्तराच्या दुकानातली कुपी मात्र या कामाला आणू नये. पूर्वी अत्तराचा आधार चंदनाचं तेल असे. आता पातळ पॅराफिन किंवा इतर रासायनिक द्रावक असतं, आणि त्यात काय मिसळलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. घरी करता येण्याजोगी एक ढोबळ परीक्षा आहे. टिपकागदावर लॅव्हेंडरचा थेंब टाकून दिवसभर ठेवायचा. तेलकट डाग मागे राहिला तर त्यात खाण्याचं किंवा दुसरं जड तेल मिसळलेलं आहे. वाळा, चंदन यांना ही परीक्षा लागू नाही. ती मुळातच सावकाश उडतात.

बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, जागा थंड. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहायचीच. लिनालूल आणि संत्र्यातलं लिमोनिन हवेशी संयोग पावून जे पदार्थ बनवतात त्यांनी त्वचेला अ‍ॅलर्जी होते. संत्र्याचं तेल सहा महिने-वर्षाने टाकून द्यावं, लॅव्हेंडर जास्तीत जास्त दोन वर्षांनी. संत्र्याचं तेल थर्माकोलच्या कपात ओतू नये. कप विरघळतो.

देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे: फाया. कानाच्या पाळीत खोचायचा अत्तराचा बोळा ज्यांनी पाहिलाय त्यांना समजवावं लागत नाही. फक्त इथे कानात नाही. पाच सेंटिमीटर चौरस गॉजची घडी घ्यायची, त्यावर दोन थेंब. तीन नाही. दोन मिनिटं उघड्यावर ठेवायचं म्हणजे पहिला उग्र भपका जातो आणि तेल जिरतं. मग गाउनच्या गळ्याशी, नाकापासून वीतभर अंतरावर, मायक्रोपोर पट्टीने किंवा सेफ्टी पिनेने लावायचं. त्वचेला तेल लागता कामा नये. पलंगाचं डोकं तीसेक अंश वर. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा मिनिटं. सोबत्याने मोबाइलचा आवाज बंद ठेवायचा. पंधराव्या मिनिटाला फाया काढून झिपच्या पिशवीत बंद.

काढायचा कशासाठी, असं विचारलं जातं. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग तो जाणवत नाही. जाणवत नाही म्हणून आणखी थेंब टाकले जातात, आणि पहाटे डोकेदुखी. शिवाय शेजारच्या पलंगावर दम्याचा रुग्ण असू शकतो. त्याने काही मागितलेलं नसतं. याच कारणाने वॉर्डात वाफेचा डिफ्यूझर नकोच. पंख्याखाली वास सगळ्यांचा होतो, आणि त्याच्या पाण्याच्या टाकीत जंतू वाढतात ते वेगळंच.

संथ श्वासाचं श्रेय वासाला जातं अशी तक्रार संशोधक करतात. खरी आहे. पण नुसतं ‘हळू श्वास घ्या’ म्हटलं तर दोन मिनिटांत माणूस सोडून देतो. आवडीचा वास असला की दहा मिनिटं निघतात.

सकाळचे नियम वेगळे आणि कडक. थिएटरमध्ये डायथर्मीची, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची, ठिणगी असते, स्पिरिटयुक्त जंतुनाशक असतं, ऑक्सिजन असतो. तेलाला तिथे जागा नाही. फाया खोलीतच राहील, गाउन बदलला जाईल, चेहरा-मान साबणाने धुतली जाईल. आदल्या रात्री कौतुकाने छाती-पाठीला तेल चोळलेलं असेल तर सकाळी ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, डायथर्मीची प्लेट नीट बसत नाही आणि चिकट ड्रेप (जखमेभोवतीची निर्जंतुक आवरणं) सुटतात. सिस्टर मग स्पिरिटने घासत बसतात, रुग्ण पुन्हा घाबरतो, आणि रात्रीची कमाई दारातच संपते. ऑपरेशननंतर ऑक्सिजनचा मास्क किंवा नाकातली नळी चालू असेपर्यंतही चेहऱ्याजवळ तेल आणायचं नाही. पहिले काही तास म्हणूनच सुगंधाविना जातात, जाऊ द्यावेत.

लहान मुलांच्या बाबतीत भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं एक युक्ती करत आलेत. मास्कच्या आत स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या वासाचा हात फिरवायचा आणि मुलाला तो स्वतःच निवडू द्यायचा. त्याला सुगंधोपचार कुणी म्हणत नाही, इतकंच.

भूल उतरल्यावरची मळमळ हा सगळ्यात त्रासदायक भाग, आणि गंमत म्हणजे वासाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा इथेच आहे. तोही लॅव्हेंडरचा नव्हे, पेपरमिंटचा नव्हे. इंजेक्शनआधी दंड पुसायचा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वॅब. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात उलटीच्या नेहमीच्या औषधांच्या तुलनेत त्याने मळमळ लवकर उतरल्याचं आणि आणखी औषध देण्याची गरज कमी झाल्याचं दिसलं. पाकीट फाडायचं, नाकाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर धरायचं, नाकाने खोल श्वास, मिनिटभराच्या आत थांबायचं. चार-पाच मिनिटांनी पुन्हा. स्वॅब त्वचेला टेकवायचा नाही. ऑक्सिजन चालू असेल तर हा नाद नको, उलटीचं औषध ओंडान्सेट्रॉन आहेच. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यालाही नको. हातावर चोळायचं सॅनिटायझर चालेल का, तर नाही. त्यात बहुधा दुसरंच अल्कोहोल असतं, वर आणखी सुवास.

मळमळीच्या वेळी एक चूक मायेपोटी होते. मुलगी आईचा आवडता मोगरा आणते आणि उलट्या चालू असताना नाकाशी धरते. मेंदू उलटी आणि वास यांची गाठ एकाच खेपेत मारतो, आणि ती सुटायला वर्षं लागतात. आवडता वास मळमळीपासून दूर ठेवावा. उलटीसाठी स्पिरिटचा स्वॅब, झोपेसाठी निवडलेला फाया, दोन्ही कधी एका वेळी नाहीत. याच्या उलट गाठही मारता येते. ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल तर आठवडाभर आधी घरीच, दिवा मालवताना, त्याच वासाचा फाया उशाशी ठेवायला सुरुवात करावी. इस्पितळात तोच वास आला की शरीराला पलंग अनोळखी असला तरी वेळ ओळखीची वाटते.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, दोन्ही दबलेल्या असतात. शरीरावरचा ताण, जखमेची दाहक प्रतिक्रिया, अफूजन्य वेदनाशामकं, सगळ्यांचा मिळून परिणाम. या रात्रींत फायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. आधी दुखणं विचारायचं, ० ते १० मध्ये. चार किंवा वर असेल तर आधी वेदनाशामक, ते लागू होईपर्यंत थांबायचं, मग फाया. लघवीची नळी ओढली जातेय का, सलाइन संपत आलंय का, औषधाचा पंप अर्ध्या तासात ओरडणार आहे का, हेही बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रात्री वॉर्डातला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आसपास हवा. आपल्याकडे औषधाच्या ट्रॉलीचं एक चाकच त्याच्या पुढे जातं. दोनचा बीपी आणि चारचा बीपी डॉक्टरांना विचारून एकत्र करता आला, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करता आली, तर तो फायदा कुठल्याही तेलापेक्षा मोठा. फाया त्या सगळ्यानंतर.

पायाला मालिश करायचं झालं तर दहा मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब, म्हणजे एक टक्का. प्रत्येक पावलाला पाच मिनिटं, घोट्याच्या वर नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघायचं. ज्या पायाचं ऑपरेशन झालंय, ज्यात रक्ताची गुठळी असल्याचा संशय आहे किंवा शिरा फुगल्या आहेत, त्याला हात लावायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी तळवे कोरड्या टॉवेलने पुसून मोजे घालायचे. तेलकट पायांनी रात्री दोनला बाथरूमकडे निघालेले आजोबा पडले तर खुब्याचं आणखी एक ऑपरेशन.

कुणाला अजिबात नाही: दमा असणाऱ्यांना, अत्तराने शिंका-खोकला येणाऱ्यांना, फिट येणाऱ्यांना, दोन वर्षांखालच्या मुलांना, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरोदर बाईला. तेल पोटात घ्यायचं नाही, मधातून नाही, पाण्यातून नाही. लॅव्हेंडरच्या कॅप्सूल मिळतात. कुणी त्या घेत असेल तर भूलतज्ज्ञांना सांगायचं, कारण त्यांच्या हिशेबात गुंगी आणणारं प्रत्येक औषध धरावं लागतं.

केसपेपरवर नोंद हवी. कुठलं तेल, किती थेंब, किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, आधीचा आणि नंतरचा चिंतेचा आकडा, नाडी, सकाळच्या पाच रेघा. ‘वास नको म्हणाले’ हेही लिहायचं, वेळेसकट. रात्रपाळी बदलली की दुसऱ्या सिस्टर पुन्हा तोच फाया घेऊन येऊ नयेत.